खड्यांनी दार लावणारा उंदीर: माळावर तो शोधायचा कसा, बघायचा कसा

आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. बागेच्या वरच्या अंगाला दीड एकराचा मुरमाड तुकडा आहे, त्याला नांगर कधी लागलाच नाही. कुसळी, पवना ही गवतं, दोन-चार बोरी, हिवराचं एक झाड, बाकी खडक. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या तुकड्यावरून जा-ये करते. पण तिथं तालीच्या, म्हणजे उतारावरच्या बांधाच्या, दगडांखाली, चहाच्या बशीएवढ्या जागेत, बारीक खड्यांचे नेटके ढीग असतात हे माझ्या ध्यानात यायला अठरा वर्षं लागली. एका हिवाळ्यात अशाच ढिगापाशी वाकून बसले होते, तर शेळ्या वळणारे आप्पा, माझे चुलत सासरे, लांबून ओरडले, "काय बघू राहिली गं पोरी? उंदराचं दार हाये ते. हात नको लावू, आत लेकरं असतील."

त्या दिवसापासून दर हिवाळ्यात मी वही घेऊन वर जाते. घरात त्या उंदराचं नाव पडलंय 'खड्या'. भावकीतली पोरं, बागेत कामाला येणाऱ्या बाया, पुण्याहून येणारे भाचे, सगळे विचारतात की तो दिसतो कसा, सापडतो कुठं. त्यांना तोंडी जे सांगते तेच इथं लिहिते आहे. यासाठी पिंजरा लागत नाही आणि कुदळ तर अजिबात लागत नाही.

आधी खड्याची ओळख. शास्त्रीय नाव मस प्लॅटिथ्रिक्स, म्हणजे चपट्या केसांचा उंदीर. त्याच्या अंगावर मऊ केसांत मिसळलेले चपटे, ताठ, काट्यासारखे केस असतात. धड साधारण चार इंचांचं, पाठ तपकिरी, पोट पांढरं, आणि या दोन रंगांच्या मधली रेघ अगदी साफ. घरातल्या उंदराची शेपूट धडाइतकी किंवा त्याहून लांब असते, खड्याची धडापेक्षा आखूड. लांबून बघताना माझी नजर आधी शेपटीवर जाते. याचा एक जवळचा भाऊबंद, मस सॅक्सिकोला, खडकाळ रानातच राहतो आणि त्याच्याही अंगावर असेच काटे असतात. अंधारात पाच हातांवरून दोघांत फरक करायला जाऊ नका. वहीत 'काटेरी उंदीर' एवढं लिहिलं तरी पुरे.

मला या उंदराबद्दल फार जिव्हाळा वाटतो याचं एक कारण असं की शास्त्राच्या वहीत त्याची पहिली नोंद झाली ती आपल्याच मुलखातून. बेनेट नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं १८३२ मध्ये त्याचं वर्णन छापलं. नमुना पाठवला होता कर्नल साइक्स यांनी, आणि ठिकाण म्हणून लिहिलं होतं नुसतं 'दख्खन'. पुढे वॉल्टर इलियट या अधिकाऱ्यानं दक्षिण मराठा मुलखातल्या प्राण्यांची यादी केली, ती १८३९ मध्ये छापली गेली. तांबड्या मुरमाड जमिनीतलं बीळ, उंदीर आत असला की बारीक खड्यांनी बंद केलेलं तोंड, बाहेर जमवलेला खड्यांचा साठा, आत खोलीत खड्यांचंच अंथरूण, हे सगळं तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे. बिळाबाहेरच्या खड्यांवरून त्याचा ठिकाणा हमखास कळतो, असंही त्यात आहे. आप्पांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. शेळ्यांमागे फिरताना त्यांना ते दिसलेलं होतं, एवढंच.

आता जागा. काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनीत याला शोधू नका. निफाडकडच्या गोदाकाठच्या काळ्या रानात उंदीर खंडीभर आहेत, पण ते निराळे: घूस, मऊ केसांचा शेतउंदीर, आणि अंगठ्याएवढा चिमुकला शेतउंदीर. खड्याला लागतो मुरूम. मुरूम म्हणजे झिजत आलेला आपला काळा कातळ. तो पाणी धरत नाही, बीळ पाडलं तर ढासळत नाही, आणि खडे तर त्याच्यात आयतेच असतात. सपाटीपेक्षा उतार बघा. बांधाची कड, जुनी ताल, बैलगाडीच्या वाटेनं कापलेला दरडीचा काठ, अशा जागा आधी धुंडाळा. नाशिकच्या भोवतीचे उतार, पांडवलेणीपासून रामशेज, बोरगडपर्यंत, बरेचसे याच जातीच्या जमिनीचे आहेत. मात्र वनखात्याच्या हद्दीत दिवस मावळल्यावर थांबायचं असेल तर रीतसर परवानगी काढा. त्यापेक्षा स्वतःचा किंवा पाहुण्यांचा पडीक माळ बरा.

वेळ दिवाळीनंतरची. पावसाळ्यात गवत कमरेला लागतं, ढीग दिसतच नाहीत. ऑक्टोबरची गोडी छाटणी उरकली आणि माळावरचं गवत कापून पेंढ्या घरी आल्या की मी पहिली फेरी मारते, सकाळी आठच्या सुमारास. तेव्हा ऊन तिरपं असतं. सूर्य तुमच्या समोर राहील असं चाला, म्हणजे प्रत्येक खड्याची सावली तुमच्याकडे पडते आणि ढीग उठून दिसतो. तीच जागा बारा वाजता बघितली तर नुसता मुरूम. पहिल्या वर्षी मी दुपारची जेवण आटोपून जात होते, महिनाभरात दोन दारं सापडली. वेळ बदलली आणि आठवड्यात नऊ.

खड्यांचा प्रत्येक ढीग उंदराचा नसतो, हे मात्र ध्यानात ठेवा. मुंग्यांचं वारूळही गोल चकतीसारखं दिसतं, पण तिथं कण रव्यासारखे आणि सगळे एका मापाचे असतात, कडेला गवताच्या बियांची टरफलं पडलेली असतात, आणि भोक मधोमध, मुंगी जाईल एवढंच. घुशीचं काम ओबडधोबड, घमेलंभर मोकळी माती उपसलेली, खडे निवडलेले नाहीत. खड्याचं काम निवडक. आमच्या माळावर बहुतेक खडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे, एखाद-दुसरा बोराच्या आठळीएवढा. ते उताराच्या खालच्या बाजूला पंख्यासारखे पसरलेले असतात आणि वरच्या टोकाला दार, सहसा दगडाच्या किंवा गवताच्या ठोंबाच्या आडोशाला. दार बंद असेल तर तिथं भोक दिसणार नाही. खड्यांचा घट्ट बसवलेला बुचका दिसेल. तो उपसून बघायचा मोह होतो, फार होतो. उपसू नका. त्याच्यामागे कोणीतरी झोपलेलं आहे.

दार चालू आहे की ओस पडलंय हे बघायला एक साधी युक्ती. दारावर कोळ्याचं जाळं धुळकट झालेलं असेल तर तिथं वेळ घालवू नका. जाळं नसेल तर संध्याकाळी कुसळीच्या दोन वाळक्या काड्या फुलीसारख्या दारावर आडव्या ठेवा, दाबू नका. सकाळी काड्या सरकल्या असतील तर घर चालू. वाऱ्यानं सरकल्या का अशी शंका आली तर तीन रात्री ठेवून बघा. पावलं बघायची असतील तर त्याच जागची माती मैद्याच्या चाळणीनं चाळून दारापुढे पातळ भुरभुरवा. मी सुरुवातीला गव्हाचं पीठ टाकलं होतं. सकाळपर्यंत मुंग्यांची रीघ लागली आणि आठवडाभर त्या हटल्या नाहीत. चाळलेल्या मातीत पुढच्या पायाला चार बोटं आणि मागच्याला पाच उमटतात. वरून भिंग धरलं तर नखांचे टिंबही दिसतात.

गारगोट्यांची गोष्ट इथं सांगायलाच हवी. आमच्या डोंगरात पांढऱ्या गारगोट्या पुष्कळ. एका जानेवारीत मी हरभऱ्याएवढे पाच पांढरे तुकडे निवडले आणि हिवराखालच्या दारापासून वीतभर अंतरावर ओळीनं ठेवले. पहिल्या सकाळी पाचही जागेवर. दुसऱ्या सकाळी एक नाहीसा. तिसऱ्या सकाळी दाराच्या काळ्या-तांबड्या बुचक्यात तीन पांढरे तुकडे बसलेले होते, दोन कडेला आणि एक अगदी मधोमध, सुपारी खलबत्त्यात दाबावी तसा पक्का. मी तिथंच खाली बसले. बोटभर प्राणी, त्यानं रात्री काळोखात तोंडात धरून तो खडा आणला, आपल्या मापात बसतो का ते पाहिलं आणि दाराला लावला. तुम्ही हे करून बघाल तर खडे जवळपासचेच घ्या, काचेचे मणी, प्लॅस्टिक असलं काही नको. आणि पाचाच्या वर नको.

प्रत्यक्ष बघायचं तर रात्र निवडून जावं लागतं. चांदण्यात हे उंदीर बाहेर यायला बिचकतात, कारण घुबडाला ते स्पष्ट दिसतात. म्हणून अमावस्येच्या अलीकडचे-पलीकडचे चार दिवस धरा. दिवस मावळायच्या आत जाऊन बसा, दारापासून सहा-सात पावलांवर, आणि वारा तुमच्याकडून दाराकडे जाणार नाही अशा बाजूला. डोक्याला वासाचं तेल नको, अंगाला अत्तर नको. बसायला पोतं, अंगावर घोंगडी. आमच्याकडे डिसेंबरात पारा असा उतरतो की बागांमधून शेकोट्या पेटवाव्या लागतात, तेव्हा उबेची सोय नीट करा, नाहीतर तासाभरात दात वाजायला लागतात आणि सगळं मुसळ केरात. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद दुहेरी गुंडाळून रबर लावा. लाल उजेड उंदरांना फारसा कळत नाही. झोत थेट दारावर मारू नका, हातभर बाजूला मारा. मोबाईल बंद करून खिशात.

पहिल्यांदा मी आणि माझा पुतण्या बसलो होतो. साडेसात वाजून गेले, काही नाही. पोरगं कंटाळून माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसलं. मग एक आवाज आला, खूप बारीक, तांदूळ निवडताना खडा ताटात पडतो तसा. बुचक्यातला एक खडा आतून हलला, पुढे सरकला आणि उतारावरून घरंगळला. मग दुसरा. मग थोडा वेळ काहीच नाही. त्या भोकात नाक आलं. नुसतं नाक आणि मिशा, आणि त्या मिशा एवढ्या थरथरत होत्या की लाल उजेडात त्या दिसण्याऐवजी धूसर भासत होत्या. मी श्वास कधी धरला ते कळलं नाही. मनातल्या मनात शंभर मोजून झाले तेव्हा तो अर्धा बाहेर आला, पांढरं पोट दगडाला टेकवून थांबला आणि एकदम गवताच्या ठोंबाकडे पळाला. तिथं दोन पायांवर उभा राहून त्यानं कुसळीचं बी दोन्ही हातांत धरलं. पुतण्या कानात म्हणाला, "काकू, हा तर भाकरी धरल्यासारखा धरू राहिला." गवताचं बी आणि किडे, असं याचं खाणं. दिसला तेवढा वेळ दहा मिनिटंही नव्हता. घरी आल्यावर पोरानं आजीला ती गोष्ट चारदा सांगितली.

आता जपून राहायच्या गोष्टी. घाई असली तरी एवढं वाचूनच जा. बिळात हात कधीही, कुठल्याही कारणानं घालू नका. याच मुरमाड उतारावर, याच दगडांखाली फुरसं राहतं आणि ते उंदरांच्याच मागावर असतं. घोणस, नागही येतात. बसायच्या जागेवरचे दगड आधी लांब काठीनं हलवून घ्या, पायात बूट असू द्या. दुसरं, बिबट्या. आपल्या जिल्ह्यात ऊस आणि द्राक्षबागांतून तो सर्रास फिरतो. एकट्यानं बसायचं नाही, लहान मुलाला कडेला बसवायचं नाही, पाठ दरडीला किंवा मोठ्या खडकाला लावून बसायचं. गावात बिबट्याची चाहूल असेल त्या आठवड्यात जाऊच नका, काड्यांची परीक्षा दिवसाउजेडी होते तेवढ्यावर भागवा. तिसरं, गवतातले बारीक किडे. स्क्रब टायफसचा ताप चिगर नावाच्या गोचिडासारख्या बारीक किड्याच्या अळ्या चावल्यानं येतो, आणि ते किडे उंदरांच्या अंगावर आणि झुडपांत असतात. पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंघोळ. आठ-दहा दिवसांनी ताप आला तर डॉक्टरांना माळावर बसल्याचं आवर्जून सांगा. आणि मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नका. उंदराच्या लघवीतून लेप्टोचा ताप पसरतो.

रात्री बसणं जमत नसेल तर घुबडाच्या गोळ्या शोधा. माझ्या मते पोरांना शिकवायला यापेक्षा चांगली वस्तू नाही. गव्हाणी घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं, केस यांची करडी-काळी गोळी ओकून टाकतं. जुन्या वाड्याची पडकी भिंत, विहिरीचा कठडा, वडाची ढोली यांच्या खाली त्या सापडतात. हातमोजे घालून उचला, दिवसभर कडक उन्हात वाळवा, मग कोमट पाण्यात भिजवून सुईनं हळूहळू सोडवा. खालचा जबडा मिळाला की बघा: पुढे एकच लांब, वाकडा, पिवळसर-नारिंगी दात, मग मोकळी जागा, मग तीन दाढा. हा उंदीर. पुढच्या दाताला समोरूनच कडक लेप असतो, मागची बाजू मऊ, म्हणून झिजताना पटाशीसारखी धार आपोआप राहते, आणि तो दात जन्मभर वाढत असतो. मोकळी जागा नसलेला, बारीक टोकदार पांढऱ्या दातांनी भरलेला जबडा मिळाला तर ती चिचुंद्री. ती उंदरांच्या गोतातली नाहीच, किडे खाणारी निराळीच जात.

घुबडाचं नाव निघालं म्हणून एक सांगते, मला ते अजून टोचतं. २०१४ च्या सुमारास ठिबकच्या नळ्या कुरतडल्या जात होत्या. मी कुठले उंदीर, कुठून येतात, काही न बघता बांधापासून माळापर्यंत सगळीकडे ब्रोमाडिओलोन या उंदरांच्या विषाच्या वड्या टाकल्या. वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि विष त्याच्या अंगातच राहतं. आठवड्यानं हिवराखाली गव्हाणी घुबड मरून पडलेलं मिळालं, पंख पसरलेले, चोचीला रक्त. आप्पा काही बोलले नाहीत, फावडं घेऊन आले आणि पुरलं. नळ्या कुरतडणारे उंदीर बागेच्या खालच्या अंगाला, उसाच्या बांधातले होते. माळावरच्या दारांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे मला नंतर काड्या ठेवून ठेवून कळलं. आता बागेत कुरतड दिसली की मी आधी बांधावरची भोकं मोजते, तण काढून बांध उघडा करते, सापळे लावते. हरभऱ्यात उभे करतात तसे इंग्रजी टीच्या आकाराचे पक्षिथांबे बागेच्या कडेला लावले आहेत, त्यांवर संध्याकाळी कापशी घार बसते. माळाच्या बाजूला विष नाही म्हणजे नाही.

वही ठेवा. भारी काही नको. तारीख, चंद्र कोणत्या पक्षात, कितव्या दाराची काडी सरकली, गवत ओलं की सुकं, ढिगात नवे खडे आलेत का. दारांना आकडे द्यायचे तर खुंटी ठोकू नका, दारापासून दोन हात वर चपटा दगड ठेवून त्यावर चुन्यानं आकडा घाला. मार्च-एप्रिलात माळ पेटवायची आपल्याकडे खोड आहे, पुढच्या साली गवत चांगलं येतं म्हणून. उंदीर बिळात वाचेलही, पण बी आणि आडोसा दोन्ही जळतं आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारींना तो उघडा सापडतो. निदान दारांच्या भोवतीचा दहा-बारा हातांचा पट्टा तरी सोडा. वाळक्या माळावर झाडं लावायच्या मोहिमा निघतात, त्यांनाही मी हेच सांगते: खड्डे खणायच्या आधी सकाळी आठला एक फेरी मारा.

सगळ्यात मोठी भीती मुरमाची. रस्त्याला, प्लॉटिंगला भर लागली की जेसीबी आणि डंपर वर चढतात आणि दोन दिवसांत टेकडीची कूस गायब होते. गेल्या मार्चमध्ये आम्हालाच शेततळं घ्यायचं होतं आणि आखणी नेमकी तालीवरून गेली होती. मी नवऱ्याला घेऊन गेले, वही दाखवली, सात दारं दाखवली. ते म्हणाले, "उंदरासाठी तळं सरकवायचं?" मी म्हटलं, वीसच फूट. आदल्या संध्याकाळी दारांभोवती चुन्याचं रिंगण टाकलं, यंत्र चालवणाऱ्या पोराला चहा दिला आणि एकेका रिंगणापाशी नेऊन समजावलं. तो दिवसभर त्या रिंगणांना वळसा घालून काम करत राहिला. यंत्र गेल्यावर जमीन संध्याकाळपर्यंत डिझेलसारखी वास मारत होती. मी सातही दारांवर काड्या ठेवल्या. सकाळी पाच सरकलेल्या होत्या.